अटलांटिकच्या दोन्ही काठांवरून : आद्य जर्मन वसाहतकऱ्यांच्या इतिहासाची फेरतपासणी

प्रस्तावना

६ ऑक्टोबर १६८३ रोजी 'कॉन्कॉर्ड' नावाचे जहाज फिलाडेल्फियाला पोहोचले. ऱ्हाइन नदीकाठच्या क्रेफेल्ड गावची तेरा कुटुंबे त्यात होती. त्यांनी शहराच्या उत्तरेला वसवलेल्या वस्तीला जर्मनटाउन असे नाव पडले. अमेरिकेतले जर्मन वंशाचे लोक याच दिवसाला आपल्या इतिहासाचा आरंभ मानतात, आणि ६ ऑक्टोबर हा 'जर्मन-अमेरिकन दिन' म्हणून आजही साजरा होतो. या आरंभाची कथा पिढ्यान्‌पिढ्या एकाच साच्यात सांगितली गेली : पहिले जर्मन, धर्मछळाला कंटाळून, स्वातंत्र्याच्या ओढीने, एका रिकाम्या अरण्यात आले. 'पहिले', 'जर्मन', 'धर्मछळ', 'स्वातंत्र्य', 'रिकामे' यांतला एकेक शब्द कागदपत्रांसमोर उभा केला, तर त्यातले फार थोडे जसेच्या तसे टिकते. त्या तपासणीची हकिगत सांगणे हा या पुस्तकाचा हेतू आहे.

मराठी वाचकाला अशी तपासणी नवी नाही. बखर आणि अस्सल कागद यांतला फरक आपल्याकडे राजवाड्यांच्या पिढीने शिकवला. १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड निघाला आणि ऐकीव इतिहासाला पुरावा मागण्याची शिस्त मराठीत रुजली. १९१६ साली टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली, तेव्हा बखरींनी पक्के केलेले शिवजन्माचे साल पुन्हा चर्चेला आले. एका साध्या नोंदवजा कागदात रूढ कथेला हलवण्याची किती ताकद असते, हे आपण पाहिले आहे. पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क आणि व्हर्जिनिया इथल्या जर्मन वसाहतींच्या इतिहासातही हेच घडले. तिथे एक अडचण मात्र जास्तीची होती. निम्मे कागद अमेरिकेत होते आणि निम्मे जर्मनीतल्या गावोगावच्या चर्चमध्ये. एका काठावर बसून हा इतिहास लिहिणाऱ्यांच्या हातून चुका झाल्या, आणि दोन्ही काठांवरचे कागद जुळवणाऱ्यांनी त्या दुरुस्त केल्या. या पुस्तकाचे मुख्य म्हणणे एवढेच आहे.

जुनी कथा रचणाऱ्यांना दोष देण्यापूर्वी त्यांचा काळ समजून घ्यायला हवा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत परदेशातून आलेल्यांविरुद्ध मोठी लाट उठली होती. तेव्हा आम्हीही इथले जुने रहिवासी आहोत हे सिद्ध करणे जर्मन घराण्यांना निकडीचे वाटले. त्यातून लिहिलेला इतिहास पूर्वजांच्या गौरवाचा झाला. पुढे पहिल्या महायुद्धात वारे उलटे फिरले. अनेक राज्यांत शाळेतले जर्मन बंद पडले आणि १९०१ साली स्थापन झालेली जर्मन-अमेरिकनांची राष्ट्रीय संघटना १९१८ मध्ये मोडीत निघाली. जर्मनटाउनमध्ये या वसाहतकऱ्यांचे स्मारक बांधून तयार होते, पण युद्ध सरेपर्यंत ते झाकून ठेवावे लागले आणि त्याचे अनावरण १९२० साली झाले. आधीच्या अतिस्तुतीइतकीच नंतरची ही चुप्पीही इतिहासाला मारक ठरली. घराघरांतून आजीआजोबांनी सांगणे थांबवले आणि पुढच्या पिढीच्या हाती फक्त छापील गौरवकथा उरल्या.

आता क्रेफेल्डच्या तेरा कुटुंबांकडे येऊ. १६८३ साली जर्मनी नावाचे राष्ट्र नव्हते. ते १८७१ मध्ये झाले. क्रेफेल्ड हे गाव तेव्हा डच ऑरेंज घराण्याच्या ताब्यात होते आणि प्रशियाकडे ते पुढे १७०२ मध्ये गेले. आलेली माणसे मुख्यतः मेनोनाइट आणि क्वेकर पंथांची होती, त्यांत विणकर बरेच होते, आणि अनेकांची घरची बोली डच वळणाची होती. सॅम्युएल पेनीपॅकर यांनी १८९९ साली जर्मनटाउनचा इतिहास लिहिला. त्यानंतर १९३५ मध्ये विल्यम हल यांनी डच क्वेकरांच्या स्थलांतरावर ग्रंथ लिहून ही वस्ती मुळात डचांची होती असे आग्रहाने मांडले. फ्रान्सिस डॅनियल पास्टोरियस हा वस्तीचा पुढारी जर्मन होता यात शंका नाही. तो फ्रँकोनियातल्या सोमरहाउझेन गावी १६५१ मध्ये जन्मलेला कायदेपंडित होता. पण तो 'कॉन्कॉर्ड'वर नव्हताच. 'अमेरिका' नावाच्या जहाजाने तो ऑगस्टमध्येच येऊन पोहोचला होता. चित्रांत आणि भाषणांत मात्र तो त्या तेरा कुटुंबांच्या पुढे उभा राहून किनाऱ्यावर उतरतो. डच की जर्मन, या वादात मला कोणत्याही बाजूने उभे राहायचे नाही. त्या माणसांनी स्वतःला गावाने आणि पंथाने ओळखले. देशाचे लेबल आपण नंतर चिकटवले. म्हणून या पुस्तकात शक्य तिथे गावाचे नाव दिले आहे.

याच वस्तीतून १६८८ साली गुलामगिरीविरुद्धचा एक अर्ज निघाला. इंग्रजांच्या अमेरिकी वसाहतींत गुलामगिरीविरुद्ध लिहिलेल्या अगदी पहिल्या निषेधांत त्याची गणना होते. त्यावर पास्टोरियस, गॅरेट हेंडरिक्स आणि डेरिक व अब्राहम ऑप डेन ग्रेफ या चौघांच्या सह्या आहेत. अर्जाचे पुढे काय झाले, हे गौरवकथांमध्ये क्वचितच येते. क्वेकरांच्या स्थानिक सभेने प्रश्न फार मोठा आहे म्हणून तो वरच्या सभेकडे पाठवला, तिने आणखी वर, आणि वार्षिक सभेने तो बाजूला ठेवून दिला. तो कागदच विस्मरणात गेला. १८४४ मध्ये तो सापडला, पुन्हा गहाळ झाला आणि २००५ साली फिलाडेल्फियातल्या क्वेकर सभागृहाच्या तिजोरीत पुन्हा हाती लागला. क्वेकरांच्या फिलाडेल्फिया सभेने सभासदांना गुलाम बाळगण्यास मनाई केली ती १७७६ मध्ये, म्हणजे या अर्जानंतर ८८ वर्षांनी.

या अर्जाचा आधार घेऊन 'जर्मन वसाहतकरी गुलामगिरीच्या विरोधात होते' असे सरसकट विधान अनेक जुन्या पुस्तकांत आढळते. ते खरे नाही. व्हर्जिनियातल्या जर्मन लुथरन मंडळींनी १७४० मध्ये हेब्रॉन चर्च बांधले. त्याच्यासाठी पाद्री योहान कॅस्पर श्टोएवर यांनी युरोपभर हिंडून देणग्या गोळा केल्या होत्या. त्या मंडळींनी पाद्र्याच्या निर्वाहासाठी शेती घेतली आणि ती कसायला गुलाम ठेवले. चार सह्यांचा तो अर्ज आणि या चर्चची शेती, दोन्ही गोष्टी याच लोकांच्या इतिहासात आहेत. एक सांगून दुसरी लपवली तर त्या चौघांच्या धैर्याचे मोल कळत नाही. भोवतालचे बहुतेक जण गप्प असताना ते बोलले, म्हणून ते मोठे.

दुसरे मोठे प्रकरण १७०९ सालचे आहे. त्या वर्षी सुमारे तेरा हजार माणसे ऱ्हाइनवरून रॉटरडॅममार्गे लंडनला येऊन थडकली. इंग्रजांनी सगळ्यांना 'पॅलाटिन' म्हटले, कारण पॅलाटिनेट हा प्रांत फ्रेंच फौजांनी उद्ध्वस्त केल्याचे इंग्लंडमध्ये सर्वांना ठाऊक होते. गांजलेले प्रोटेस्टंट म्हणून त्यांच्यासाठी वर्गण्या निघाल्या आणि ब्लॅकहीथच्या माळावर तंबू पडले. नावनिशीवार याद्या झाल्या, तेव्हा त्यांत हेसे, नासाउ, वुर्टेम्बर्ग अशा कितीतरी प्रदेशांतली माणसे निघाली आणि कॅथलिकही बरेच निघाले. धर्म बदलायला नकार देणाऱ्या कॅथलिकांना परत पाठवण्यात आले. धर्मछळ हे एकमेव कारण असते, तर असे घडले नसते. खरी कारणे अनेक होती. लांबलेले युद्ध, कर, वाटण्यांनी तुकडे झालेली जमीन आणि १७०९ च्या हिवाळ्यातली भयंकर थंडी. त्यांत भर पडली ती योशुआ कोखरथाल या पाद्र्याच्या पुस्तिकेची. कॅरोलायनातल्या जमिनीचे वर्णन करणाऱ्या त्या पुस्तिकेवर राणी ॲनचे चित्र होते आणि नाव सोनेरी अक्षरांत होते, त्यामुळे लोक तिला 'सोनेरी पुस्तक' म्हणत. राणी जमीन फुकट देते, अशी वार्ता तिच्यामुळे गावोगाव पसरली. जमिनीसाठी घर सोडणे यात कमीपणा काहीच नाही. तरीही वंशजांना जमिनीपेक्षा धर्माचे कारण अधिक शोभिवंत वाटले आणि तेच पाठ्यपुस्तकांत शिरले.

यांपैकी सुमारे तीन हजारांना गव्हर्नर रॉबर्ट हंटर यांच्याबरोबर न्यूयॉर्कला धाडले गेले. आरमारासाठी पाइनच्या झाडांपासून डांबर काढून त्यांनी प्रवासखर्च फेडायचा होता. प्रवासात आणि लगेच नंतर शेकडो माणसे तापाने दगावली. डांबराचा उद्योग फसला आणि १७१२ मध्ये हंटर यांचे पैसे संपताच लोकांना वाऱ्यावर सोडण्यात आले. सरकारकडून आज ना उद्या भरपाई मिळेल या आशेने हंटर यांनी कोणत्या कुटुंबाला किती शिधा दिला याच्या याद्या ठेवल्या होत्या. भरपाई त्यांना मिळाली नाही, पण त्या याद्या संशोधकांच्या कामी आल्या. हेन्री झेड. जोन्स यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात यांतल्या ८४७ कुटुंबांचा मागोवा घेतला. यादीतले शेजार, लग्ने आणि बाप्तिस्म्याचे साक्षीदार यांवरून त्यांनी माणसांचे गट बांधले आणि ते गट जर्मन गावांच्या चर्चवह्यांत शोधले. एकाच गावची माणसे समुद्रापारही एकमेकांना धरून राहत, हे त्यांच्या पद्धतीचे सूत्र होते. त्यामुळे एका कुटुंबाचे गाव सापडले की शेजारच्या चार कुटुंबांची वाट मोकळी होई.

याच लोकांबद्दल एक लाडकी कथा आहे. लंडनला आलेल्या मॉहॉक या मूलनिवासी जमातीच्या सरदारांनी ब्लॅकहीथवर या निर्वासितांची दैना पाहिली आणि कळवळून आपली स्कोहॅरीची जमीन राणीमार्फत त्यांना भेट दिली. पुढे स्कोहॅरी खोऱ्यात हे लोक खरोखर गेले, त्यामुळे कथेला बळ आले. तारखा मांडल्या की ती कोसळते. न्यूयॉर्ककडे निघालेल्या लोकांना डिसेंबर १७०९ मध्येच जहाजांवर चढवले होते, आणि सरदार लंडनला पोहोचले ते १७१० च्या एप्रिलमध्ये. मॉहॉकांशी स्वतःच्या बळावर बोलणी करून, गव्हर्नरच्या मनाविरुद्ध, १७१२-१३ च्या हिवाळ्यात स्कोहॅरीला निघालेल्या या लोकांचे खरे कर्तृत्व त्या भेटीच्या कथेने झाकले. आणि मॉहॉकांच्या हातून जमीन कशी निसटत गेली, हा प्रश्नही तिने गिळला.

जमिनीचा हा प्रश्न पेनसिल्व्हेनियातही आहे. 'रिकामे अरण्य' म्हणून जे वर्णन केले जाते, ती लेनापे लोकांची भूमी होती. वसाहतीचे संस्थापक विल्यम पेन यांनी त्यांच्याशी खरेदीचे करार केले. पेन यांच्या मुलांच्या काळात, १७३७ साली, माणूस दीड दिवसात जितके चालेल तितकी जमीन या जुन्या म्हणवल्या जाणाऱ्या कराराचा आधार घेतला गेला. धावणारी माणसे लावून सुमारे बारा लाख एकर जमीन त्यांनी घशात घातली. त्यानंतर आलेल्या अनेक जर्मन शेतकऱ्यांना मिळालेल्या हक्कपत्रांच्या मुळाशी ही फसवणूक आहे. फसवणूक त्यांनी केली नाही, पण तिचे फळ त्यांच्या पदरात पडले. घराण्याचा इतिहास जमिनीच्या पहिल्या दस्तापासून सुरू होतो आणि त्या दस्ताआधीच्या मालकांचे नाव लिहिले जात नाही. दुरुस्तीचे हे काम अजून बरेच बाकी आहे.

आता साधनांविषयी. १७२७ पासून पेनसिल्व्हेनियाच्या सरकारने जर्मन प्रदेशांतून उतरणाऱ्या सोळा वर्षांवरील प्रत्येक पुरुषाला राजनिष्ठेची शपथ घेऊन सही करायला लावले. जर्मन फार वाढले, ही इंग्रजांची धास्ती त्यामागे होती. त्या धास्तीतून अठराव्या शतकातील स्थलांतराचे सर्वांत मोठे दप्तर तयार झाले. एका जहाजाच्या तीन याद्या असू शकतात : कप्तानाची, शपथेची आणि दुसऱ्या एका प्रतिज्ञेची. कप्तानाच्या यादीत इंग्रजी कानाला ऐकू आले तसे नाव असते, तर शपथेच्या यादीत माणसाची स्वतःची सही असते. ज्यांना लिहिता येत नसे, त्यांचे नाव कारकून लिही आणि तो माणूस खूण करी. डॅनियल रुप यांनी १८५६ साली यांतली तीस हजारांच्या आसपास नावे छापली. त्यांच्या कष्टाला तोड नाही, पण जुनी जर्मन लिपी वाचताना झालेल्या चुका त्यांच्या पुस्तकातून शेकडो वंशावळींत गेल्या. १९३४ मध्ये राल्फ स्ट्रासबर्गर आणि विल्यम हिंके यांनी तिन्ही याद्या समोरासमोर ठेवून नवी आवृत्ती काढली, आणि सह्यांच्या छायाप्रतींचा स्वतंत्र खंडच दिला. आपले वाचन बरोबर की चूक, हे तपासण्याचे साधन त्यांनी वाचकाच्या हातात ठेवले. संशोधकाच्या प्रामाणिकपणाचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

तरी या याद्यांतही स्त्रिया आणि मुले जवळपास नाहीत. त्यांना शोधायचे तर समुद्र ओलांडून चर्चवह्यांकडेच जावे लागते. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदी तिथल्या पाद्र्यांनी ठेवल्या. तीस वर्षांच्या युद्धात आणि फ्रेंच फौजांच्या १६८९ च्या जाळपोळीत त्यांतल्या पुष्कळ नष्ट झाल्या, पण उरलेल्यांत कधी कधी नावासमोर 'पेनसिल्व्हेनियाला गेला' असा शेरा मिळतो. अनेक संस्थानांत शेतकरी धन्याशी बांधलेला असे. देश सोडायचा तर रक्कम भरून सुटकेचा दाखला घ्यावा लागे, आणि त्या दाखल्यांच्या नोंदीही सरकारी दप्तरात आहेत. ॲनेट बर्गर्ट यांनी अशी दप्तरे आणि जहाजयाद्या यांची सांगड घालत असंख्य कुटुंबांची मूळ गावे निश्चित केली.

नावांच्या सापळ्यांविषयी थोडे सांगणे भाग आहे. एका घरातल्या चार भावांची नावे योहान गेऑर्ग, योहान याकोब, योहान पेटर, योहान आडाम अशी असत. हाक मारायचे ते दुसरे नाव. हे न कळल्यामुळे चार भावांचा एक माणूस झाला, किंवा एकाच माणसाचे दोन झाले. अमेरिकेत कुठे त्सिमरमान आडनावाचे कार्पेंटर झाले, कुठे फिशबाख हे फिशबॅक म्हणून टिकले. पंचांगाचाही घोळ आहे. जर्मनीतल्या प्रोटेस्टंट संस्थानांनी १७०० मध्ये नवे पंचांग घेतले, ब्रिटन आणि त्याच्या वसाहतींनी १७५२ मध्ये. मधल्या काळात एकाच दिवसाच्या दोन काठांवर दोन तारखा असत. त्या लक्षात न घेतल्याने वंशावळीत मूल जन्मण्याआधी आई-बाप जहाजावर चढलेले दिसतात.

या सगळ्या पद्धतींची कसोटी लागते ती व्हर्जिनियातल्या जर्मॅना वस्तीत. जुन्या कथनात इथे आलेले सगळे जर्मन एकाच मुठीत बांधले गेले होते. प्रत्यक्षात पहिला गट १७१४ मध्ये आला. तो नासाउ-झीगन या खाणकामाच्या प्रदेशातला होता, त्यात चाळीसएक माणसे होती आणि पंथ रिफॉर्म्ड होता. गव्हर्नर अलेक्झांडर स्पॉट्सवुड यांनी त्यांना सरहद्दीवर रॅपिडॅन नदीकाठी वसवले. नोव्हेंबर १७१५ मध्ये तिथे गेलेल्या जॉन फाँटेन यांच्या रोजनिशीत खांबांचे पंचकोनी कुंपण आणि आतली नऊ घरे यांचे वर्णन आहे. दुसरा गट १७१७ चा. तो मुख्यतः क्राइखगाउ भागातला आणि लुथरन होता. त्यांना जायचे होते पेनसिल्व्हेनियाला. त्यांच्या स्वतःच्या निवेदनानुसार लंडनमध्ये कप्तान कर्जापायी तुरुंगात पडला, खर्च वाढला, आणि शेवटी ते व्हर्जिनियात स्पॉट्सवुड यांचे बांधील नोकर झाले. पुढे स्पॉट्सवुड यांनी त्यांच्यातल्या अनेकांना कोर्टातही खेचले. मालकाच्या पत्रांवरून लिहिलेल्या इतिहासात स्पॉट्सवुड हे जर्मनांचे आश्रयदाते होते. कोर्टाच्या नोंदी आणि जमिनीच्या हक्कासाठी वसाहतकऱ्यांनी दिलेल्या आगमनाच्या जबान्या वाचल्यावर ते चित्र बदलले. १९६४ साली बी. सी. हॉल्ट्सक्लॉ यांनी झीगनकडच्या घराण्यांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यानंतरच्या संशोधकांनी क्राइखगाउच्या चर्चवह्यांतून दुसऱ्या गटाची गावे एकामागून एक शोधली.

छापील चूक किती चिवट असते याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे जर्मन भाषा एका मताने अमेरिकेची राजभाषा व्हायची राहिली, ही दंतकथा. घडले ते असे : व्हर्जिनियातल्या काही जर्मनांनी संघराज्याचे कायदे जर्मन भाषांतरातही मिळावेत, असा अर्ज १७९४ मध्ये केला. जानेवारी १७९५ मध्ये प्रतिनिधिगृहात त्यासंबंधीच्या कामकाजी प्रस्तावावर ४२ विरुद्ध ४१ अशी मते पडली. राजभाषेचा विषय सभागृहासमोर नव्हता. फ्रान्ट्स ल्योहर यांच्या १८४७ च्या पुस्तकातून ही गोष्ट राजभाषेची झाली आणि सभापती म्यूलेनबर्ग यांचे मत निर्णायक ठरल्याची पुस्ती तिला चिकटली. काही चुका तर पैसे घेऊन बनवलेल्या होत्या. १९४२ साली मरण पावलेल्या गुस्ताव्ह अँजू या इसमाने श्रीमंत अमेरिकन कुटुंबांना बनावट वंशावळी करून विकल्या, आणि त्या आजही खऱ्या म्हणून उतरवून घेतल्या जातात.

मराठी वाचकासाठी हे पुस्तक लिहिण्याला आणखी एक कारण आहे. एकोणिसाव्या शतकात कोकण-देशावरची हजारो माणसे करारबद्ध मजूर म्हणून मॉरिशसला गेली. त्यांची नावे, गावे आणि वर्णने कारकुनांनी कानाला ऐकू येईल तशी उतरवली. ते दप्तर मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहे. त्या नोंदींतले गाव इकडच्या कागदांत शोधणाऱ्या मॉरिशसच्या मराठी माणसाला नेमकी हीच पद्धत लागणार आहे : यादी, शेजार, नात्याचे धागे, आणि दोन्ही काठांवरची साक्ष.

या पुस्तकात मी काही नियम पाळले आहेत. घटनेच्या काळातला कागद आणि नंतरची आठवण यांना वेगवेगळे स्थान दिले आहे. एकाच काठावरचा पुरावा असेल तिथे निष्कर्ष कच्चा मानला आहे. कौटुंबिक परंपरा फेकून दिलेली नाही. ती कोणी, केव्हा आणि कशासाठी सांगितली, हेही इतिहासाचाच भाग आहे. नाकारलेल्या प्रत्येक कथेच्या जागी कागद काय सांगतो ते दिले आहे, कारण नुसते खोडून टाकल्याने वाचकाच्या हाती काहीच उरत नाही. आणि पुरुषांच्या सह्यांमागे राहिलेल्या स्त्रिया, त्यांची मुले, त्यांच्याच शेतांवर राबलेले गुलाम आणि त्या जमिनीचे आधीचे धनी यांची नावे जिथे मिळाली तिथे ती मुख्य मजकुरात घेतली आहेत.

क्रेफेल्डचे विणकर, शिध्याच्या यादीतली कुटुंबे, रॅपिडॅनकाठचे बांधील नोकर ही साधी, कष्टाळू, हिशेबी आणि कधी चुकणारी माणसे होती. त्यांना थोर ठरवण्याची घाई झाली, तेव्हा त्यांचे खरे निर्णय, कर्जे, भांडणे आणि धाडस पुसले गेले. कागद वाचून ते परत मिळवता येते, हे गेल्या शंभर वर्षांतल्या संशोधकांनी दाखवून दिले आहे. वाचकांनी हे पुस्तकही त्याच कसोटीने वाचावे. माझे एखादे विधान अस्सल कागदापुढे टिकत नसेल तर ते टाकावे, आणि तो कागद सर्वांसमोर ठेवावा.